घुमानला निघालो आणि रावीपाशी पोचलो

सुवर्णमंदिर, वाघा बॉर्डर, कुलचे आणि परत, अशी अमृतसर ट्रिप दोनदा झालेली. म्हणून 2025च्या डिसेंबरात म्हटलं गुरदासपूर जिल्ह्यात शिरू, निमित्त घुमान. नामदेव महाराज तिथे राहिले आणि 2015चं 88वं साहित्य संमेलन तिथे झालं, माझी माहिती एवढीच. मेहता चौकात बस बदलली, शेजारच्या आजोबांना सांगितलं की महाराष्ट्रातून बाबा नामदेवजींच्या दर्शनाला आलोय, तर त्यांनी उठून मला खिडकीची जागाच दिली.

गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदं आहेत, त्यामुळे तिथे ते पाहुणे नाहीतच, घरचे आहेत. समाधीही इथेच घेतली असं गावकरी ठाम सांगतात, आणि आपण पंढरपुरात नामदेव पायरीवर डोकं टेकवतो. वाद न घालता लंगरला बसलो. वाढणारा पोरगा ‘परशादा जी’ म्हणत पोळ्या घेऊन आला, मी सवयीने ताट पुढे केलं, तर शेजारच्या बीजींनी, म्हणजे आजींनी, माझे दोन्ही हात धरून वर केले. पोळी हातांत घ्यायची असते, ताटात नाही!

पुढे बटाला, तिथे ओतकामाचे कारखाने, धूळ आणि मरणाचं ट्रॅफिक, थांबलो नाही. कलानौरला मात्र थांबलो. 1556च्या फेब्रुवारीत तेरा वर्षांच्या अकबराला इथे बादशहा केलं, हुमायून नुकताच गेला होता. मला वाटलं किल्लाबिल्ला असेल, तर शेताडीत एक विटांचा चौथरा, आजूबाजूला वीतभर गहू आणि आम्ही दोघंच, मी आणि एक कुत्रं.

सीमेलगतच्या डेरा बाबा नानक गावात चहाच्या टपरीवर सत्तेचाळीसच्या फाळणीचा विषय निघालाच. या जिल्ह्यात मुस्लिम वस्ती निम्म्याहून किंचित जास्त, म्हणून 15 ऑगस्टला तो पाकिस्तानात धरलेला, आणि सीमा आखणाऱ्या रॅडक्लिफचा निवाडा जाहीर झाला 17 तारखेला! रावीपलीकडची शकरगढ तहसील तिकडे गेली. गुरदासपूर, बटाला, पठाणकोट इकडे आले. म्हणजे ते दोन-तीन दिवस लोकांनी घर सोडायचं की नाही हे कशावर ठरवलं असेल? टपरीवाल्या पाजींचे आजोबा शकरगढचे, कुलूप लावून चावी घेऊन आले होते म्हणे, परत जायचंय म्हणून.

रावी अजून कुणाचं ऐकत नाही. ऑगस्टातल्या पुरात इकडची शेतं बुडाली आणि पलीकडे पाकिस्तानातल्या करतारपूरच्या गुरुद्वारातही पाणी शिरलं. शेतात वाळूचे थर बसले, तेव्हा सरकारने ‘जिसदा खेत, उसदी रेत’ म्हणजे ज्याचं शेत त्याची वाळू असं जाहीर केलं. पाजी म्हणाले, वाळू माझी, पण ती उपसायला लागणारा ट्रॅक्टर आणि डिझेल कुणाचं?

गुरु नानकांनी शेवटची अठरा वर्षं त्या करतारपुरात काढली, सीमेपासून जेमतेम साडेचार किलोमीटर. 2019ला इथून तिथवर यात्रेकरूंसाठी कॉरिडॉर उघडला तेव्हा पासपोर्टवर जाता यायचं, व्हिसा नको. मे 2025पासून आपल्याकडून बंद, त्यामुळे पुन्हा सीमेच्या अलीकडून दुर्बिणीतून दर्शन. मी डोळा लावला, धुक्यात पांढरं सोडून काही नाही. मागच्या आजींनी विचारलं, “दिस्या, पुत्तर?” नाही म्हटलं तर हसल्या, “दुपहिरे आईं.” दुपारी ये म्हणे. माझी बस साडेअकराची होती.