मशीनने मोजलेले वीस लाख

वीर्य तपासणीचा रिपोर्ट: शुक्राणूंचा काउंट 20 लाख प्रति मिलिलिटर, मोटिलिटी, म्हणजे हालचाल, शून्य. मशीनने दोन मिनिटांत निकाल दिला आणि मी सहीसाठी पेनही काढलं होतं.

शून्य मोटिलिटी दिसली की आधी स्वतःच्या हाताळणीवर संशय घ्यायचा, ही जुनी सवय. पण हे सॅम्पल लॅबमध्येच दिलेलं, अर्ध्या तासात नीट पातळ झालेलं, 37 अंशांवर ठेवलेलं. मग सगळेच मेलेले? मेलेले-जिवंत ओळखायचा रंग, इओसिन, लावण्याआधी म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघू.

400 पटीवर फोकस करून शेपट्या शोधू लागले. एकही नाही! मशीनने खुणा केल्या होत्या त्या जागी होते बारीक कण, पेशींचे तुकडे, एखाद-दुसरी गोल पेशी. शुक्राणूचं डोकं जेमतेम चार-पाच मायक्रॉनचं. त्या मापाचं काहीतरी दिसलं आणि ते हललं नाही, की मशीन त्याला 'न हलणारा शुक्राणू' म्हणून मोकळं होतं. काउंट भरपूर असला की ही चूक खपून जाते. डब्ल्यूएचओच्या 2021च्या पुस्तिकेत खालची मर्यादा 1 कोटी 60 लाखांची आहे; सॅम्पल त्याच्या कितीतरी खाली असलं की ही चूकच रिपोर्ट होऊन बसते.

मग थोडं सॅम्पल सेंट्रिफ्यूजमध्ये 3000 जीवर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 3000 पट जोराने, 15 मिनिटं फिरवलं. तळाशी बसलेल्या गाळाचा पहिला थेंब रिकामा. दुसराही. तिसऱ्यात, अगदी कडेला, काहीतरी वळवळलं. मी श्वास रोखून धरला, जणू माझ्या फुंकरीने ते उडून जाणार होतं. शेपूट होती! पाऊण तासात असे चार सापडले.

मॅडमना बोलावलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "मशीनचा आकडा रिपोर्टात नको. फिरवल्यावर मोजके हलणारे दिसले, एवढंच लिही. आणि पेशंटला पुन्हा बोलाव, एका सॅम्पलवर ठरवायचं नाही. पुढचं आलं की हे असं जोरात फिरवू नकोस, मिळतील तेवढे फ्रीझ करू." इक्सीमध्ये, म्हणजे शुक्राणू सुईने थेट अंड्यात सोडतात त्या उपचारात, एका अंड्याला एकच शुक्राणू लागतो, त्यामुळे चार म्हणजे थोडे नव्हेत.

बाहेर सॅम्पल दिलेले गृहस्थ घड्याळ बघत होते. "मशीनवर लगेच होतं म्हणाला होतात ना?"

"हो, मशीनचं झालं केव्हाच," मी म्हटलं. "माझं चालू होतं."