वाइड-अँगल लेन्स निवडताना

निसर्गचित्रणासाठी वाइड-अँगल लेन्स घ्यायचे ठरले की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती एमएमची घेऊ?’ एमएमचा हा आकडा म्हणजे लेन्सची फोकल लेंथ; तो जितका लहान तितके दृश्य रुंद. प्रश्न रास्त आहे, पण आकडा जितका लहान तितका देखावा भव्य दिसेल, असा जो समज त्यामागे असतो तो मला पटत नाही. फुल-फ्रेम (३५ एमएम फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर १४ एमएमच्या लेन्समध्ये कर्णरेषेत सुमारे ११४ अंशांचे दृश्य मावते खरे. मात्र त्या विस्तारात दूरचा डोंगर टेकडीएवढा होऊन बसतो आणि पायाजवळचा दगड अर्धी चौकट अडवतो. तो दगडच पाहण्याजोगा नसेल, तर चित्रात पाहण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणून ज्याला डोंगर दाखवायचा आहे त्याने २४ एमएमवर थांबावे, आणि दगडापासून डोंगरापर्यंतचे अंतर ज्याला दाखवायचे आहे त्यानेच १६ किंवा १४ एमएमकडे वळावे. (त्याहून लहान असा एपीएस-सी सेन्सर असेल तर हे आकडे साधारण दीडने भागावेत.)

रात्रीचे तारे टिपायचे नसतील, तर एफ/२.८ चा हट्ट धरू नये (एफचा आकडा जितका लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे). दिवसाचे बहुतेक काम एफ/८ ते एफ/११ मध्येच होते. १६ एमएमवर एफ/११ ठेवून साधारण ८० सेंटिमीटरवर फोकस केला, की सुमारे ४० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. एफ/२२ पर्यंत जाण्याचे कारणच उरत नाही. तिथे विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, चित्र उलट सॉफ्ट, म्हणजे किंचित धूसर, होते.

फिल्टरचा विचार मात्र खरेदीच्या आधीच करावा. निकॉनची २००७ मधली १४-२४ एमएम एफ/२.८ ही लेन्स दर्जाने उत्तम, पण तिची पुढची काच फुगीर असल्यामुळे साधा फिरकीचा फिल्टर तिच्यावर बसत नाही, आणि वजन किलोच्या घरात जाते. त्याच कंपनीने २०१९ मध्ये मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठी काढलेली १४-३० एमएम एफ/४ ही लेन्स ८२ एमएमचा फिल्टर थेट घेते आणि ४८५ ग्रॅममध्ये भागते. चढण चढणाऱ्याला यापेक्षा अधिक सांगायला नको. पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा (ध्रुवीकृत) प्रकाश आत सोडणारा फिल्टर, ओल्या दगडांवरची आणि पानांवरची चकाकी छान काढतो, पण सूर्यापासून ९० अंशांवर आकाशाचे ध्रुवीकरण सर्वाधिक असल्याने इतक्या रुंद चौकटीत निळ्या आकाशाच्या मधोमध गडद पट्टा उमटू शकतो.

राहिले कोपरे. कोपऱ्यातल्या गवताच्या पात्याकडे कोण पाहतो, असे म्हणणाऱ्यांनी मोठा प्रिंट काढेपर्यंतच तसे म्हणावे. लेन्स हाती आल्यावर कॅमेरा ट्रायपॉडवर लावून दूरची झाडांची रांग एफ/८ वर टिपावी आणि चारही कोपरे शंभर टक्के मोठे करून पाहावेत. सगळेच कोपरे सारखे किंचित सॉफ्ट असतील, तर तो त्या लेन्सचा स्वभाव समजून पुढे जाता येते. पण डावीकडची पाने स्वच्छ आणि उजवीकडची फासटलेली दिसत असतील, तर आतले भिंग केंद्रापासून सरकलेले असण्याची शक्यता मोठी, आणि तेव्हा परतीची मुदत संपण्यापूर्वी दुसरा नग मागून घ्यावा.