क्लायमेटचा पैसा, मुलांचा पैसा आणि मधे मी

कंपन्यांकडे क्लायमेटसाठी पैसा असतो आणि मुलांसाठीही असतो, फक्त हे दोन पैसे एकमेकांना ओळखत नाहीत. एक सस्टेनेबिलिटीवाल्यांच्या, म्हणजे कंपनीचं पर्यावरणाचं खातं बघणाऱ्यांच्या बजेटमधे, दुसरा फाउंडेशनकडे किंवा सीएसआरकडे, म्हणजे कंपनीचा समाजकार्याचा खर्च बघणाऱ्यांकडे, आणि ही दोन डिपार्टमेंट्स बऱ्याचदा एकाच बिल्डिंगमधे एक मजला सोडून बसतात पण वर्षभरात एकदाही एकत्र मिटिंगला बसलेली नसतात. मी इकडे जिनिव्हात काय करते तर ह्या दोघांना एका टेबलाशी आणून बसवते आणि मग दोघांकडूनही पैसे मागते. पोस्टचं नाव बरंच लांबलचक आहे, कार्डावर दोन ओळी जातात, पण घरच्यांच्या हिशोबात मी "देणग्या मागणारी" आहे आणि ते काही खोटं नाही.

जिनिव्हाच का, असं बरेच जण विचारतात. युनिसेफचं मुख्यालय न्यूयॉर्कला आहे, पण कंपन्या आणि खासगी देणगीदार सांभाळणारा त्यांचा विभाग इथून चालतो, आणि त्यांच्या आजूबाजूला ह्याच धंद्यातल्या लहानमोठ्या संस्थांची अख्खी वस्ती आहे. एक गोष्ट मला स्वतःला इथे येईपर्यंत माहीत नव्हती, की युनिसेफ यूएनची संस्था असली तरी सदस्य देश यूएनला जी ठरलेली वर्गणी भरतात त्यातला छदामही त्यांना मिळत नाही, सगळा कारभार ऐच्छिक देणग्यांवर चालतो, मग त्या सरकारच्या असोत नाहीतर कंपनीच्या. मी काम करते ती संस्था वेगळी आहे, त्यांच्यापेक्षा बरीच लहान. नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर हा लेख आधी कम्युनिकेशनवाल्यांना दाखवावा लागेल आणि मग तो पुढच्या वर्षी येईल.

आता मुद्द्याचं. युनिसेफने २०२१ मधे मुलांच्या दृष्टीने हवामान-धोक्याचा इंडेक्स काढला, त्यात जगातली जवळपास निम्मी मुलं, म्हणजे साधारण १०० कोटी, अतिशय जास्त धोका असलेल्या ३३ देशांत राहतात असं निघालं. भारत त्या ३३ मधे आहे. आणि ह्या सगळ्या देशांचं मिळून कार्बन उत्सर्जन जगाच्या फक्त ९ टक्के. ही स्लाईड मी दाखवली की समोरचे सगळे मान हलवतात. मग मी पुढची दाखवते: २०२३ मधे युनिसेफ, सेव्ह द चिल्ड्रन, प्लॅन इंटरनॅशनल वगैरेंनी मिळून मोठमोठ्या क्लायमेट फंडांचे प्रोजेक्ट्स तपासले, आणि त्यातला जेमतेम २.४ टक्के पैसा मुलांचा खास विचार केलेल्या कामांना गेला होता. इथे माना हलायच्या थांबतात, लोक चष्मे नीट करतात. कुणी मुद्दाम मुलांना वगळलं असं नाही. मेगावॅटमधे आणि टनांमधे बोलणाऱ्या लोकांना असं वाटतं की वीज आली, बंधारा झाला, की मुलांना आपोआप फायदा होतोच. होतो की, पण उन्हाळ्यात पत्र्याच्या वर्गात भर दुपारी बसणाऱ्या पोरांना त्या मेगावॅटचा काही उपयोग नसतो. २०२४ मधे ८५ देशांतल्या किमान २४ कोटी २० लाख विद्यार्थ्यांच्या शाळेत उष्णतेच्या लाटा, वादळं, पूर ह्यांमुळे खंड पडला, आणि नुसत्या एप्रिल महिन्यातच उष्णतेने जवळपास ११ कोटी ८० लाख मुलांची शाळा बुडाली.

तर अशाच एका मिटिंगमधे एका मोठ्या कंपनीच्या सस्टेनेबिलिटी हेड बाईंनी मला विचारलं, "हे सगळं छान आहे, पण एका मुलामागे किती टन कार्बन वाचतो?" जूनचा महिना, जिनिव्हात एसी बसवायचा तर कॅन्टनची, म्हणजे इथल्या राज्य सरकारची परवानगी लागते आणि ती सहज देत नाहीत, त्यामुळे खोलीत आम्ही सगळेच घामाघूम. बाईंची काही चूक नव्हती, त्यांचं वर्षाचं अप्रेझलच टनांवर होतं. मी त्यांना दवाखान्यातल्या फ्रिजचं सांगितलं. बहुतेक लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. जिथे वीज धड येत नाही तिथे आता सोलरवर थेट चालणारे फ्रिज देतात, त्यांना बॅटरी नसते, दिवसभर उन्हावर आतला बर्फाचा थर जमतो आणि रात्रभर तोच गारवा टिकवतो. बॅटरी नाही म्हणजे ती खराब व्हायची, चोरीला जायची भानगडच नाही. उत्तम वस्तू आहे. पण छपरावरच्या त्या दोनचार पॅनेलनी कार्बन किती वाचणार, नगण्यच. टनच मोजायचे असतील तर त्यांनी सरळ मोठ्या सोलर पार्कमधे पैसे घालावेत, मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं, माझ्या बॉसने टेबलाखालून माझ्याकडे पाहिलं असेल बहुतेक.

त्यावर बाई म्हणाल्या, "मग मी रिपोर्टमधे लिहू काय?"

हा प्रश्न मात्र खरा होता, आणि माझ्या मते ह्या कामातला ऐंशी टक्के भाग ह्या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यात जातो. क्लायमेटमधे दोन प्रकारची कामं असतात, प्रदूषण कमी करायचं आणि जे बदललंय त्यात तग धरायची, आणि मुलांसाठीचं बरंचसं काम दुसऱ्या प्रकारात मोडतं: शाळेचं छप्पर पांढऱ्या रंगाने रंगवणं, शाळेचे संडास पुराच्या पातळीच्या वर चौथऱ्यावर बांधणं, हातपंपाचा ओटा उंच करणं. ह्यात यश म्हणजे काहीतरी वाईट घडलं नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचा फोटो काय काढणार? म्हणून आम्ही मोजता येईल असं काहीतरी शोधतो. त्या फ्रिजमधे एक छोटा लॉगर असतो, तो मागच्या ३० दिवसांचं तापमान साठवतो आणि कधी ते हद्दीबाहेर गेलं तर तसं दाखवतो. बाईंना मी म्हणलं, टन सोडा, हा आकडा घ्या: तुमच्या पैशांतून बसलेले फ्रिज वर्षातले किती दिवस हद्दीत राहिले. शाळांचं तसंच, कडक उन्हाळ्यात किती दिवस वर्ग भरला. त्यांना ते पटलं, निदान लिहून तरी घेतलं. नंतर त्यांच्या फाउंडेशनच्या माणसाला पुढच्या मिटिंगला त्यांनी स्वतः बोलावलं, आणि मला विचाराल तर पैसे येण्यापेक्षाही ती बातमी मोठी होती.

नाही म्हणणं हाही नोकरीचाच भाग आहे, आणि ह्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. तंबाखू आणि शस्त्रं बनवणाऱ्यांकडून मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था सहसा पैसे घेत नाहीत. बेबी फूडवाल्यांचं म्हणाल तर आईच्या दुधाला पर्याय म्हणून जे विकलं जातं त्याच्या जाहिरातबाजीवर १९८१ चा आंतरराष्ट्रीय कोड आहे, तो मोडणाऱ्या कंपनीशी आम्ही बोलणीच करत नाही. ही प्रकरणं सोपी. अवघड आहेत ती मधली, म्हणजे बँक आहे, स्वतः काही जाळत नाही पण कोळशाच्या खाणीला कर्ज देते, किंवा शिपिंग कंपनी आहे जी मनापासून बदलायला बघतेय पण अजून बदललेली नाही. ड्यू डिलिजन्सची, म्हणजे कंपनीची पार्श्वभूमी तपासणारी टीम फाईल घेऊन बसते, महिना जातो, दोन जातात, तिकडे कंपनीची माणसं दर आठवड्याला विचारतात की झालं का, आणि शेवटी उत्तर "नाही" आलं की ते मीच फोन करून सांगायचं, ईमेलवर नाही. टार्गेट डोक्यावर असताना स्वतः आणलेली पार्टनरशिप स्वतःच नाकारायला कसं वाटतं ते सेल्समधल्या लोकांना लगेच कळेल.

युरोपात आता ग्रीनवॉशिंगवर, म्हणजे पर्यावरणाच्या पोकळ दाव्यांवर, कायदाही कडक होतोय. २०२४ मधे युरोपियन युनियनने एक डायरेक्टिव्ह काढलं, २७ सप्टेंबर २०२६ पासून ते लागू होणार, मग नुसते ऑफसेट, म्हणजे दुसऱ्याने कुठेतरी वाचवलेल्या कार्बनचं क्रेडिट, विकत घेऊन आपलं प्रॉडक्ट "कार्बन न्यूट्रल" आहे असं छापता येणार नाही. ह्याचा आम्हाला फायदा होईल असं सगळे म्हणतात. मला अर्धंच पटतं, कारण ज्यांना खरंच काही करायचंय ते जास्त नीट प्रश्न विचारायला लागलेत, पण भित्र्या कंपन्या सरळ गप्प बसल्यात, ना दावा ना खर्च.

आपल्याकडचे मित्र म्हणतात की तुला बरंय, तिकडे पैसाच पैसा. अहो, भारतात निदान २०१३ चा कंपनी कायदा आहे, ठराविक आकाराच्या वरच्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावाच लागतो. इथे मी ज्यांच्याशी बोलते त्यातल्या बहुतेकांवर अशी सक्ती नाही, बजेट ठरायच्या आधी त्यांच्या डोक्यात शिरावं लागतं, आणि ते शिरायचे महिने साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर, तेव्हाच नेमकी यूएनची वार्षिक हवामान परिषद पण असते. परिषदेत पैसे मिळतात हा एक मोठा गैरसमज आहे. तिथले आकडे सरकारांचे, २०२४ ला अझरबैजानमधल्या बाकूच्या परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर असं ठरलं, त्यापुढे माझी सगळी पार्टनरशिप मिळून किस झाड की पत्ती. आमच्या पैशाचा उपयोग वेगळा आहे: सरकार किंवा विकसनशील देशांना हवामानाच्या कामासाठी पैसा देणारा कोरियातला ग्रीन क्लायमेट फंड ज्या कामाला आधी पुरावा मागतात, तो पुरावा तयार करायला हा छोटा पैसा कामाला येतो. दहा शाळांवर करून दाखवा, आकडे आणा, मग मोठा पैसा हजार शाळांना येऊ शकतो.

आणि म्हणूनच मला पैशाच्या रकमेपेक्षा पैशावरच्या अटी जास्त छळतात. कंपनीला एक देश, एक जिल्हा, एक शाळा आणि रिबन कापतानाचा फोटो हवा असतो. वादळ त्यांच्या जिल्ह्यात न येता शेजारच्या जिल्ह्यात आलं तर तो पैसा तिकडे हलवता येत नाही, पुन्हा पत्रव्यवहार, पुन्हा मंजुरी. युनिसेफने २०२२ मधे ह्यावर एक चांगला प्रयोग सुरू केला, चक्रीवादळाचा विमा, बांगलादेश, मादागास्कर, मोझांबिक, हैती, फिजी धरून आठ देशांसाठी. नुकसानीचे पंचनामे होईपर्यंत थांबायचं नाही, वादळाची तीव्रता आणि त्याच्या वाटेत किती मुलं आली ह्यावर पैसे सुटतात. मी हे मॉडेल बऱ्याच कंपन्यांना समजावते आणि एक मजा बघितलीय. सीएसआरवाले म्हणतात, वादळ आलंच नाही तर आमचा प्रीमियम वाया गेला ना? तोच कागद त्यांच्या फायनान्सच्या माणसापुढे ठेवला की तो दोन मिनिटांत हो म्हणतो, कारण कंपनीच्या गोदामांचा विमा तो दरवर्षी भरतो आणि गोदाम जळलं नाही म्हणून कधी रडत नाही. तेव्हापासून मी पहिल्या मिटिंगलाच विचारते की तुमचं रिस्क कोण बघतं, त्यांनाही बोलवा.

मला मधेमधे विचारतात की ह्या लाईनमधे यायला काय शिकावं लागतं. क्लायमेट सायन्स नाही शिकलात तरी चालेल, ते समजावून सांगणारी माणसं शेजारच्या टेबलावर असतात. करार शांतपणे शेवटपर्यंत वाचता यायला हवा, एक्सेल यायला हवं, आणि समोरचा "इंटरेस्टिंग" म्हणाला की तो नाही म्हणतोय हे ओळखता यायला हवं.

सध्या एका तीन वर्षांच्या कराराची गाडी एकाच ओळीवर अडकलीय. त्यांना तिथे एका देशाचं नाव हवंय, आम्हाला "जिथे गरज पडेल तिथे" हवंय, मधला मार्ग म्हणून मी पाच देशांची यादी टाकलीय आणि दर वर्षी ती दोघांनी मिळून बदलायची असं लिहिलंय. फायनान्सचा माणूस तयार आहे, ब्रँडवाल्यांना अजूनही एकच झेंडा, म्हणजे एकच देश हवाय. त्यांचे वकील सोमवारी सुट्टीवरून परत येतायत.