बनी तो बनी

आमच्या कादंबरीतल्या नायिकेला अजून नाव नाही. मी परभणीत, मैत्रीण अंबाजोगाईत, आणि दोघी मिळून एक हसती-खेळती प्रेमकथा लिहितोय. एक प्रकरण तिचं, एक माझं. वहीच्या पानांचे फोटो फोनवर जातात-येतात. पण नाव काढलं की कुणाची तरी नणंद आडवी येते. स्वाती म्हणावं तर तिची धाकटी जाऊ रुसणार. मनीषा म्हणावं तर आमच्या साहेबांच्या घरात मनीषा. नायकाचं तर बोलूच नका. बऱ्या नावाचे सगळे मुलगे आमच्याच वर्गातल्या कुणी ना कुणी पदरात पाडून घेतलेत. तेव्हा तूर्तास 'ती' आणि 'तो'.

तो लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. ती परभणीच्या कृषी विद्यापीठात, आस्थापना विभागात. आता या दोघांनी भेटायचं कुठं? मुंबईच्या लेखकांचं बरं असतं, त्यांची माणसं उठून समुद्रावर जातात. आमच्याकडे कुठंही जा, बाजूच्या टेबलावर मामा बसलेला असतो. तो नुसता बघत नाही; "कामून इकडं?" असं विचारून वर चहा पाजतो. शेवटी विद्यापीठाचाच रस्ता दिला. १९७२ सालचं विद्यापीठ, म्हणजे झाडं आता चांगली अंगानं भरलेली. आडोशाला तेवढी पुरतात.

माझी एक खोड आहे. काही सुचेनासं झालं की मी नायकाची स्कूटर बंद पाडते. पेट्रोल संपतं, प्लगमध्ये कचरा जातो, काहीच नसलं तर पंक्चर. मैत्रीण वैतागते. "अगं, ह्याला नवी गाडी घेऊन दे, नाहीतर ह्याचं लग्न मी मेकॅनिकशी लावून टाकीन." तिची खोड वेगळी. तिला कुठलीही गोष्ट वेळेवर झालेली खपत नाही. गाडी उशिरा, निरोप उशिरा, कबुली तर इतकी उशिरा की तोवर दोघं रिटायर होतात की काय असं मला वाटलं. पण तिला तरी काय बोलणार? तिच्या गावच्या योगेश्वरीचंच लग्न मुहूर्त टळल्यामुळं राहिलं. वर परळीचा वैजनाथ, अंतर पंचवीसेक किलोमीटर, तरी मुहूर्त हुकला. वऱ्हाड म्हणे जागच्या जागी दगड झालं. लहानपणापासून ही कथा ऐकलेल्या बाईकडून लग्न वेळेवर लागावं ही अपेक्षाच जास्तीची. मी म्हणते, देवीचं राहू दे, आपल्या दोघांचं तरी जमव. ती म्हणते, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." यावर परभणीकरानं काय बोलावं!

तो रेल्वेनं येतो, परळी, गंगाखेड करत. गाडी गंगाखेडला थांबवायची की नाही यावरही आमची वादावादी झाली. ती म्हणे, कथेला काही उपयोग नाही. नसेना. मला थांबवायचीच होती. जनाबाईचं गाव. विठ्ठल जनाबाईसमोर दळायला बसायचा ही गोष्ट आजीनं इतक्या खात्रीनं सांगितलेली, की जात्यासमोरची जागा त्याच्यासाठीच मोकळी ठेवतात असं मला बरेच दिवस वाटायचं.

प्रत्यक्षात तिथं बसायची शेजारची काकू. गावात गिरणी होती, पण वीज असेल तर. शिवाय हळद आणि डाळी आजीला घरच्याच जात्यावरच्या लागायच्या. पहाटे अंथरुणात ऐकू यायचं. आधी घरघर, मग आजीची अर्धी ओवी. उरलेली अर्धी काकूची. एकाच खुंट्यावर दोघींचे हात, मधेच एकीनं घास टाकायचा. आजी भावाचं कौतुक सुरू करायची, की काकू त्याच चालीत त्याची बायको किती आखडू आहे ते घुसडून द्यायची. आजीला हसू फुटायचं, पण जातं थांबायचं नाही, याचं मला फार नवल. सासऱ्यासमोर ब्र न काढणाऱ्या त्या काकूच्या तोंडून अंधारात काय काय यायचं! सासऱ्याची चिलीम, दिराचा हिशेब, माहेरी न धाडल्याचं सगळं. उजाडलं की तीच काकू डोक्यावरचा पदर पुढं ओढून, मान खाली घालून आमच्या अंगणातून जायची. काय गं गायलीस, असं कुणी विचारलं असतं तर म्हणाली असती, मी कुठं, ओवीत होतं ते.

परवा दुपारी मैत्रिणीचं नवं पान आलं. बाहेर मरणाचं ऊन; कूलरमध्ये पाणी ओतून वाचायला बसले. प्रसंग झकास होता. नायिकेला बघायला पुण्याचं स्थळ आलंय. आई आतून विचारते, "सुशीला आणू का?" नवरामुलगा सावरून बसतो, केसांवरून हात फिरवतो, आणि बाहेर येते चुरमुऱ्यांची बशी. मी एकटीच मोठ्यानं हसले. ही बाई एवढं गमतीदार लिहील असं कॉलेजात कुणाला वाटलं नसतं.

पाहुणे जातात. आई विचारते, "कसा वाटला गं?" त्याखाली ओळ होती: "माझ्या वेळी कुठं विचारलं होतंस?"

मी दोनदा वाचलं. नायिकेचं तर हे पहिलंच बघणं. तिची कुठली आधीची वेळ? मैत्रिणीचं लग्न बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला झालं होतं. आम्ही सगळ्या जेवायला होतो. जिलेबी होती. ती पुढं परीक्षेला आली नाही.

ओळ खोडायला हवी, मागचं-पुढचं जुळत नाही. खोडली नाही. फोनही केला नाही. पुढची पाळी माझी होती. मी नायकाची स्कूटर बंद पाडली.