मॅटीची खळ काढावी की राहू द्यावी?

नवी मॅटी किंवा आयडा (घरं मोजून टाके घालायचं चौकोनी विणीचं सुती कापड) पुठ्ठ्यासारखी कडक लागते ती खळीमुळे. घरं चौकोनी आणि भोकं उघडी राहावीत म्हणून ही खळ दिलेली असते. त्यामुळे रिंग न लावता, कापड हातात धरून टाके घालणाऱ्यांनी ती पूर्ण काढू नये. नुसती वाफेची इस्त्री फिरवली तरी पुरे.

पण वस्तू पुढे धुवावी लागणार असेल, म्हणजे उशीचा अभ्रा, टेबलक्लॉथ, बाळाचं दुपटं, तर कापड आधी भिजवलंच पाहिजे. मऊपणा हा त्यातला वरकड फायदा. खरं कारण आटणं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, भरलेला दोरा तितका आटत नाही, आणि मग नक्षीभोवती चुण्या पडतात. त्या इस्त्रीने जात नाहीत.

भिजवण्याआधी काठ सांभाळा. पिको-फॉलवाल्याकडून चारही बाजू इंटरलॉक करून घ्या, नाहीतर हाताने काठ टाचून घ्या. कच्चा काठ पाण्यात सुटतो आणि दोन-तीन घरं सहज जातात. नक्षीच्या मापाचं कापड कापायचं ते भिजवून, वाळवून झाल्यावरच. चौदा काउंटवर, म्हणजे इंचाला चौदा घरं असलेल्या कापडावर, १४० टाक्यांची नक्षी १० इंच होते. चारही बाजूंना ३-३ इंच सोडले की १६ इंच कापड लागतं.

टबात ३-४ लिटर कोमट पाणी, त्यात भांडी घासायचं लिक्विड अर्धा चमचा. कापड घडी न घालता बुडवा आणि २० मिनिटं राहू द्या. मधेमधे तळव्याने दाबायचं, चोळायचं नाही. चोळल्याने धाग्याला लव सुटते, भोकं बुजतात आणि सुई भलत्याच ठिकाणी शिरते. पाणी गढूळ, बुळबुळीत झालं म्हणजे खळ सुटते आहे. बुळबुळ जाईपर्यंत साध्या पाण्यातून काढा, बहुतेक वेळा तीन पाणी लागतात. फॅब्रिक कंडिशनर नको, त्याचा थर धाग्यावर बसून राहतो.

पिळू नका. पिळल्याने घरं तिरकी होतात. जाड टॉवेलवर पसरून, गुंडाळी करून दाबा. मग कोपरे समोरासमोर हलके ओढून कापड काटकोनात आणा आणि सावलीत आडवं वाळवा. दमट असतानाच उलट बाजूने इस्त्री करा. इस्त्री फिरवायची नाही, उचलून पुढच्या जागी ठेवायची. तिरकी ओढली तर कापडही तिरकं ताणतं. खळ नीट निघाली नसेल तर इस्त्रीखाली पिवळट डाग पडतो. अशा वेळी पुन्हा भिजवणं बरं.

आता मोजा. चौदा काउंटच्या कापडावर ४ इंचांत ५६ घरं हवीत. उभी आणि आडवी दोन्ही मोजा, कारण आटणं दोन्ही बाजूंना सारखं नसतं. एका बाजूला ५८ आणि दुसऱ्या बाजूला ५६ भरली तर गोल नक्षी लंबगोल दिसेल. फुलापानांत ते खपतं, भौमितिक नक्षीत नाही.

लाल, काळी, नेव्ही ब्लू मॅटी वेगळी आणि गार पाण्यात भिजवा. आधी ओलं पांढरं फडकं कोपऱ्यावर दाबून बघा. मीठ घातल्याने रंग पक्का होत नाही.

दोन गोष्टी मात्र कधीच आधी भिजवू नयेत. नक्षी छापलेलं किटमधलं कापड, कारण छाप पाण्याने जातो. आणि वेस्ट कॅनव्हास (साध्या कापडावर टाके मोजण्यासाठी लावायची आणि नंतर काढून टाकायची जाळी), कारण त्याची जाळी खळीवरच उभी असते.

कापड फारच लुळं पडलं तर आरारूटची पातळ खळ देऊन परत इस्त्री करा. भरतकाम संपलं की ती धुऊन टाका, खळ राहिलेल्या कापडाला कसर लागते.