टायमिंग चेन, थंड इंजिन आणि ‘नॉर्मल आहे सर’ : माझा अनुभव

मोटरसायकलची टायमिंग चेन (इंजिनाच्या आतली) बदलून बरेच दिवस झाले, गाडी झकास चालते आहे. तरी अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ऐकलेलं ‘आवाज नॉर्मल आहे सर’ आठवलं की अजून डोकं तापतं, म्हणून हे लिहितोय.

गाडी दीडशे सीसीची, एअर-कूल्ड, एक सिलिंडरची. किलोमीटर 60,000 च्या आसपास. कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला कामासाठी माझं नेहमीचं जाणं-येणं. सकाळी पहिला स्टार्टर मारला की इंजिनाच्या डाव्या अंगाने खळखळ ऐकू यायची आणि इंजिन तापलं की गायब व्हायची. पुढे पुढे घाट उतरताना थ्रॉटल सोडला की तीच खळखळ परत यायला लागली.

ही खळखळ टायमिंग चेनची. ही चेन क्रँकवरून (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवते. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, आणि व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या झडपा, कधी उघडायचे, कधी मिटायचे ते त्यावरच ठरतं. चेनच्या पिना आणि बुश झिजतात, प्रत्येक कडीत केसभर ढिलाई येते, आणि ती सगळी मिळून चेन लांबते. ही ढिलाई ओढून घ्यायला टेन्शनर असतो. त्याची दांडी स्प्रिंगच्या जोरावर आतल्या गाईडला, म्हणजे चेन ज्यावरून सरकते त्या पट्टीला, दाबून धरते. दांडी पूर्ण बाहेर आली की ओढायला काहीच उरत नाही. मग चेन आत आपटते, घासते, गाईड खाते. कधीतरी दातावरून उडी मारली की टायमिंग चुकतं आणि माझ्या गाडीसारख्या इंजिनात पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला भिडतो. व्हॉल्व्ह वाकला की हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, खोलण्याशिवाय इलाज नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे. क्लच प्लेट घसरायला लागल्या तरी गाडी हळूहळू घरी येते, त्या संपेपर्यंत वापरा. टायमिंग चेनच्या बाबतीत तसं करू नये. तिचा आवाज हीच तिची सूचना. मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत ऑइल, प्लग, एअर फिल्टर यांचे किलोमीटर दिलेत, या चेनचा नाही, त्यामुळे निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो. भर पावसात हेळवाक आणि पोफळीच्या मधे गाडी बंद पडणं म्हणजे काय, ते त्या रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको.

आता सर्व्हिस सेंटर. मी गाडी चालवत नेणार, म्हणजे तिथे पोचेपर्यंत इंजिन तापलेलं. ॲडव्हायझरने स्टार्ट केली, दोनदा रेज दिला आणि म्हणाला, “नॉर्मल आहे सर, एअर-कूल्डला एवढा आवाज असतोच.” टॅपेट (व्हॉल्व्हच्या डोक्यावरची बारीक फट) सेट करून, धुऊन गाडी परत. जॉब कार्डवर ‘इंजिन नॉइज, चेक केले, ओके’. दुसऱ्या दिवशी सकाळी खळखळ तशीच.

पुढच्या खेपेला जाड ग्रेडचं ऑइल टाकून बघू म्हणाले. पुस्तिकेत दिलेल्याच ग्रेडचं ऑइल टाका, असं मी निक्षून सांगितलं. झिजलेल्या कड्या ऑइलने भरून येत नाहीत. मग एका सीनियर टेक्निशियनने चक्कर मारून आणली, अर्थात तापलेल्या इंजिनावर. “तुटली की बदलू की सर, आत्ताच कशाला खर्च?” हे त्याने अगदी माझ्या भल्याचं सांगावं तसं सांगितलं! तुटल्यावर खर्च चेनचा नसतो, हेडचा असतो, हे त्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

गाडी रात्रभर ठेवून घ्या, सकाळी थंड असताना ऐका, म्हटलं तर ‘तशी पॉलिसी नाही’. मी मॅनेजरची भेट होईपर्यंत हललो नाही. जॉब कार्डवर माझ्या शब्दांत लिहून घेतलं : ‘थंड इंजिनावर, स्टार्ट केल्यावर पहिले काही सेकंद, डाव्या बाजूने आवाज.’ सकाळी शटर उघडायच्या आधी तिथे हजर झालो. ॲडव्हायझरला ब्लॉकवर हात ठेवायला लावला, थंड आहे हे त्याच्या तोंडून वदवलं आणि मग बटण दाबलं. खळखळ सगळ्यांनी ऐकली. तिथे उभा असलेला धुलाईचा पोरगासुद्धा म्हणाला, “चेन वाजतीय.”

एवढं झाल्यावर एस्टिमेट आलं, त्यात ब्लॉक-पिस्टनचा किटही धरलेला. धूर नाही, ऑइल कमी होत नाही, मग किट कशासाठी ते लिहून द्या म्हटलं. कोणी दिलं नाही. मी गाडी घेऊन बाहेर पडलो.

आमच्या पेठेतल्या मेस्त्रीने काय केलं? ब्लॉकच्या मागचे टेन्शनरचे दोन बोल्ट काढले. दांडी जवळजवळ पूर्ण बाहेर. “सर, हितं आता कायबी शिल्लक न्हाई. चेनच बदला.” दोन बोल्ट! तिथे इतक्या फेऱ्या झाल्या, पण हे दोन बोल्ट कोणी काढून पाहिले नव्हते. माझा खरा राग यावर आहे.

निर्णयाची खूण हीच धरा. दांडी अर्धीच बाहेर असेल आणि तरी आवाज येत असेल, तर टेन्शनरची स्प्रिंग मेली असेल किंवा दांडी अडकत असेल, तेव्हा फक्त टेन्शनर बदलून भागू शकतं. दांडी संपलेली असेल तर चेन, दोन्ही गाईड आणि टेन्शनर एकदमच बदला, कारण खोलायची मजुरी तेवढीच पडते. स्प्रॉकेटचे दातही बघून घ्या. टेन्शनर काढलेला असताना कोणालाही किक किंवा स्टार्टर मारू देऊ नका, चेन तेव्हाच दात सोडेल.

प्रत्यक्ष काम एका सकाळीत झालं. चेनच्या आड येणारा मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं वीज बनवणारं चाक) पुलरने निघाला, खुणा जुळवून नवी चेन बसली. जुनी आणि नवी चेन शेजारी शेजारी खिळ्याला लटकवली तर जुनी डोळ्याला दिसेल इतकी लांब भरली, आणि गाईडवर चेनने खोल चऱ्या पाडलेल्या. सुटे भाग, ऑइल, मजुरी सगळं धरून सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटच्या निम्म्यातही गेलं नाही.

टॅपेटचं राहिलं. टॅपेट आणि चेनच्या आवाजात गल्लत होते, म्हणून आधी थंड इंजिनावर फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून टॅपेट सेट करून घ्या. टॅपेटची टिकटिक एकसारखी असते, रेजबरोबर वाढते. चेन मात्र इंजिन थंड असताना आणि थ्रॉटल सोडताना जास्त वाजते. त्या सकाळचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आणि मेस्त्री कितीही ओळखीचा असला तरी कव्हरला नवं गॅस्केट आणून द्या, नुसत्या सिलिकॉनवर भागवू देऊ नका. जादा सिलिकॉन आत गळून ऑइलच्या वाटेत अडकतं, आणि तेल कमी पोचलं की नवी चेनही लवकर झिजते.