कण्याशेजारची सुई

आंब्याचा हंगाम भरात आला की आमच्या रुग्णालयात कलमांवरून पडलेली माणसं येऊ लागतात. मी भूलतज्ज्ञ. माझी त्यांची गाठ पडते ती बहुधा थिएटरात, हात किंवा मांडी जोडताना. देवगडकडच्या एका काकांसाठी मात्र फिजिशियननी मला वॉर्डात बोलावलं. ऑपरेशन काहीच करायचं नव्हतं.

वय साठीच्या पुढे. झेल्याने आंबे काढताना फांदी मोडली आणि काका उजव्या कुशीवर आपटले. चौथीपासून आठवीपर्यंत पाच बरगड्या मोडलेल्या. घरच्यांनी छाती धोतराने करकचून आवळून आणली होती, ते आधी सोडलं. पूर्वी डॉक्टरसुद्धा चिकटपट्ट्यांनी छाती बांधत असत. त्याने श्वास आखडतो म्हणून ती पद्धत मागे पडली.

बरगडी साधारण सहा आठवड्यांत आपली आपण जुळते. माणूस दगावतो तो दुखण्यापायी. श्वास उथळ होतो, खोकला दाबला जातो, कफ साचतो आणि उतारवयात न्यूमोनिया गाठतो. काकांचा ऑक्सिजन ८९ टक्क्यांवर आला होता. "डॉक्टरांनू, खोकूक गेलंय की जीव जाता," एवढं बोलायलाही त्यांना तीनदा थांबावं लागलं. मॉर्फिनसारखं औषध वाढवावं, तर ते दुखण्याबरोबर श्वास आणि खोकलाही मंदावतं.

अशा वेळी एपिड्युरल, म्हणजे कण्याच्या पोकळीत नळी घालून दिलेलं बधिरतेचं औषध, उत्तम चालतं. पण काकांच्या हृदयात स्टेंट होता आणि त्यात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेलची गोळी चालू होती. रक्त पातळ असताना एपिड्युरल दिलं आणि कण्याच्या पोकळीत रक्त साचलं, तर मज्जारज्जूवर दाब येऊन पाय जाऊ शकतात. गोळी पाच ते सात दिवस थांबवायची म्हणजे स्टेंट धोक्यात, आणि तेवढा वेळ फुफ्फुसांकडे नव्हताच. म्हणून मी नसा बधिर करणारा इरेक्टर स्पायनी ब्लॉक निवडला. २०१६ साली त्याचं पहिलं वर्णन प्रसिद्ध झालं. त्यात सुई कण्याच्या पोकळीत जातच नाही. मणक्याच्या बाजूला निघालेल्या हाडाच्या टोकावर, पाठीच्या लांब स्नायूखाली थांबते.

"कण्यात सुई? नको. मी लुळो पडलंय तर?" काकांनी हात घट्ट धरला. ही भीती मला गावोगावच्या माणसांत भेटते आणि ती हसण्यावारी नेणं मला पटत नाही. मी त्यांच्या पाठीवर बोट ठेवून जागा दाखवली. म्हटलं, "काका, प्रत्येक बरगडीची नस इथून, कण्याच्या शेजारून निघते. वाडीत पाट वरच अडवला की खालच्या आळ्यांत पाणी जात नाही, तसं इथे औषध सोडलं की पुढच्या बरगडीची कळ मेंदूपर्यंत जात नाही." वाडीतल्या माणसाला एवढं पुरलं.

मुलाने पुढून आधार दिला, काका बसते राहिले. सोनोग्राफीचा प्रोब मध्यरेषेपासून तीन सेंटिमीटरवर उभा धरला. सहाव्या मणक्याचं हाड दिसलं, त्यावर स्नायूचे थर. सुई हाडाला टेकली. थोडं सलाइन सोडताच स्नायू हाडावरून अलगद उचलला गेला. जागा बरोबर असल्याची ही खूण. मग ०.३७५ टक्क्यांचं २० मिली रोपिव्हॅकेन, आणि पुढच्या डोससाठी एक बारीक नळी. हे औषध नसांमधल्या सोडियमच्या वाटा बंद करतं, म्हणून संदेश पुढे सरकत नाही. चुकून जास्त प्रमाणात रक्तात गेलं तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते. म्हणून त्यावरचा उतारा, लिपिड इमल्शनची बाटली, उशाशी ठेवूनच मी सुई हातात घेते.

या ब्लॉकमध्ये औषध नेमकं कुठवर झिरपतं याबद्दल आमच्यात अजून वाद आहेत, आणि परिणाम सगळ्यांत सारखा नसतो. काकांचीही छातीची पुढची बाजू थोडी दुखत राहिली. तिथे पॅरासिटामॉल कामी आलं. पण अर्ध्या तासात पाठ आणि कूस शांत झाली. उशी छातीशी धरून ते खोकले, दणदणीत, आणि भरपूर कफ पडला. सकाळी श्वासाच्या व्यायामाच्या डबीतला एक चेंडूही न हलवणाऱ्या माणसाने संध्याकाळी दोन उचलले. ऑक्सिजन ९५.

चौथ्या दिवशी नळी काढली. एक्स-रेत फुफ्फुसं स्वच्छ होती आणि स्टेंटची गोळी एकही दिवस चुकली नव्हती. आता बरगड्या मोडलेला रुग्ण दाखल झाला की आमचे फिजिशियन त्याच दिवशी मला फोन करतात.